पंखे आधीच सुरू होते

राममूर्तींनी पॅनेलवरची हिरवी बटणं एकामागून एक दाबली आणि खुर्ची ओढून बसले. भिंतीपलीकडे तळघरात धूर ओढणाऱ्या पंख्यांची घरघर सुरू झाली.

"अकरापर्यंत असंच चालू देऊया, मॅडम," ते म्हणाले. "वारा एकसारखा झाला की मग चाचणीचा धूर सोडायचा."

"आधी पंखे कशाला?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"तुमच्याच रिपोर्टात अहे की. पान एकोणतीस. सुरुवातीस सगळे पंखे पूर्ण वेगानं चालू."

मी पान एकोणतीस काढलं. वाक्य माझंच होतं. तरी उसनं अवसान आणून विचारलं, "आणि रोज? रोज चालू असतात ना?"

"रोज कुठं, मॅडम? रोज बंद. आग लागून दोन डिटेक्टर वाजले की विजेचा मेन कट होतो, जनरेटर येतो, मग पंखे. तेही एकदम नाहीत. जनरेटरवर लोड पडतो म्हणून एकेक." मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "हे सांगायला तुमास फोन केलो होतो मी."

केला होता. तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, मी दुसऱ्या कामात गुंतलेली असताना. "इलेक्ट्रिकलचं इलेक्ट्रिकलवाल्यांशी बोला, सर, माझा वेळ घेऊ नका," असं म्हणून मी फोन ठेवला होता. परभणीहून चेन्नईला आले तेव्हा सामानाबरोबर जीभही आणली होती, आणि इथल्या सहा वर्षांत तिला कुणी लगाम घातला नव्हता. राममूर्ती पंचावन्न वर्षांचे, या इस्पितळाच्या देखभालीचे प्रमुख, तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकून मी मनातल्या मनात हसत असे. आता हसायला काही उरलं नव्हतं.

आमचं काम असं. संगणकात तळघराचे चाळीस लाख बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातली हवा कुठं, किती वेगानं जाते ते काढायचं. हे दोन प्रकारे होतं. एक स्थिर: पंखे कधीपासूनच चालू आहेत, काहीही बदलत नाही, असं धरून एकच चित्र काढायचं. दुसरं काळाप्रमाणे: आग लागल्यापासून क्षणाक्षणाला काय होतं ते पुढं पुढं नेत पाहायचं. या दुसऱ्या प्रकाराला सुरुवातीची एक अवस्था द्यावी लागते. निश्चल हवेपासून निघालं तर गणित सुरुवातीलाच अडखळतं, पावलं फार बारीक टाकावी लागतात, आठवडा जातो. म्हणून आमच्या ऑफिसात सरळ स्थिर उत्तर उचलायचं आणि तिथून घड्याळ सुरू करायचं. दोन दिवसांत काम हातावेगळं.

यात एरवी चूक काही नाही. चिमणीभोवतीचा वारा असो, पंपातलं पाणी असो, तिथं सगळं आधीपासून चालूच असतं. पण आग पंख्यांची वाट बघून लागत नाही. मी आग लावली होती ती अशा तळघरात, जिथं वारा आधीच शहाण्यासारखा बाहेरच्या वाटेला लागलेला होता. धूर निघाला की वाऱ्यानं त्याला उचलायचं आणि वर नेऊन सोडायचं. किती सुंदर दिसत होतं ते पडद्यावर! मी तर ती चित्रफीत घरी आईलाही पाठवली होती.

आणि त्या चित्रफितीच्या भरवशावर आम्ही लिहून दिलं होतं, की धूर डायलिसिसच्या दारापर्यंत आठ मिनिटं पोहोचत नाही.

वेलचेरीतल्या या नव्या इस्पितळाच्या तळघराचे दोन भाग. एका भागात गाड्या आणि विजेच्या गाड्यांचे चार्जर. दुसऱ्या भागात बारा खाटांचा डायलिसिस कक्ष. दोहोंमध्ये एक बोळ, आणि खाटेवरच्या माणसाला बाहेर न्यायचं तर त्याच बोळातून. डायलिसिसच्या माणसाला उठून पळता येत नाही. रक्त नळीतून यंत्रात गेलेलं असतं. आधी चिमटे लावायचे, नळ्या सोडवायच्या, मग चाकांच्या खुर्चीत बसवायचं. बाराही जणांना बाहेर काढायला सहा मिनिटं लागतात, हे नर्सनी मोजून ठेवलेलं. सहा लागतात, आठ मिळतात, म्हणून कक्षाला मंजुरी. उद्या सोमवारी सकाळी सहाला पहिले बारा रुग्ण यायचे होते.

आज रविवारी अकराला शेवटची चाचणी. चार्जरपाशी स्पिरिटचे ट्रे पेटवायचे, म्हणजे हवा तापेल, आणि त्यावर यंत्रातला पांढरा, निरुपद्रवी धूर सोडायचा. खाटांवर खोटे रुग्ण झोपवायचे आणि घड्याळ लावायचं. आता सव्वादहा झाले होते.

मी वर धावले.

शेषाद्री राव स्वागतकक्षात कॉफी पीत उभे होते. आमच्या मैलापूरच्या ऑफिसचे मालक, तेही तंजावरकडचेच मराठी, वय चौसष्ट, कपाळावर गंधाची उभी रेघ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. रिपोर्टावर सही त्यांची. मला नोकरी दिली तेव्हा "मराठी बोलायला कोणी तरी मिळालं की" म्हणून एवढे खूश झाले होते, की पगाराचं बोलायचंच राहून गेलं. स्थिर उत्तरापासून निघायची शिकवण त्यांचीच. "शून्यातनं कशाला सुरू करायचं, मा? आधी उत्तर धरायचं, मग पुढं जायचं," हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकावं लागे. ऑफिसचं नाव झालं ते या वेगामुळेच.

मी त्यांना खांबामागं ओढलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाचव्या वाक्याची गरज नव्हती. त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. पंखे पूर्ण वेगाला यायला दोन-अडीच मिनिटं धरा. तोवर धूर छताखालून सगळीकडे पसरणार. मग पंखे आले की तोच धूर ढवळून खाली आणणार. तीन मिनिटं मिळाली तरी खूप."

ते हळू आवाजात म्हणाले, "आज चाचणी होऊ दे. रिपोर्टाप्रमाणे. उद्यापासून आपण निश्चल हवेपासून हिशोब करू. आठवड्यात दुरुस्ती पाठवू, काही सुचवू."

"उद्या सहाला रुग्ण येतायत, सर."

"एका आठवड्यात आग लागणार अहे का, सौम्या?"

"मला काय विचारता? आगीला विचारा!"

आवाज चढला होता. पलीकडून इस्पितळाच्या मालकीण डॉक्टर रत्नप्रभा वळून बघायला लागल्या. राव सरांनी माझा दंड हलकेच दाबला. "बत्तीस वर्षं, मा. एक रिपोर्ट परत आला नाही माझा. सगळ्यांच्या पुढं नक्को. मी सांगतो त्यांना. नंतर सांगतो."

तेवढ्यात डायलिसिसच्या मुख्य नर्स कामाक्षी जिन्यावरून वर आल्या. त्यांचा एक खोटा रुग्ण आलाच नव्हता. अकराच खाटा भरल्या होत्या, आणि चाचणीचे निरीक्षक म्हणत होते की बारा म्हणजे बारा. "मी झोपतो की!" राव सर एकदम म्हणाले. मोठ्यानं, हसत. डॉक्टर रत्नप्रभाही हसल्या, म्हणाल्या, ज्यानं गणित केलं तोच खाटेवर, याहून चांगली हमी कुठली. राव सर चष्मा सावरत कामाक्षींच्या मागून खाली गेले. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण "नंतर सांगतो" हे ऐकून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? नंतर म्हणजे मी वाचले. नंतर म्हणजे सगळ्यांसमोर पान एकोणतीस उघडलं जाणार नाही. एवढं सोपं होतं ते. जिन्यावर बसायचं, अकरा वाजू द्यायचे, आठ मिनिटांना टाळ्या वाजवायच्या.

दहा बावन्नला मी पुन्हा पॅनेलच्या खोलीत होते.

"राममूर्ती सर, पंखे बंद करा. रोज असतात तसं सगळं ठेवा. डिटेक्टर वाजू दे, मेन कट होऊ दे, जनरेटर येऊ दे. मधे हात लावू नका."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "राव सर सांगिटले का?"

"हो."

एवढंच. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. राममूर्तींना कळलं असावं. मग त्यांनी लाल बटणं एकेक करून दाबली, आणि पंखे मंदावत मंदावत थांबले. तळघर अगदी गप्प झालं.

निरीक्षक बोळाच्या तोंडाशी उभे होते. अग्निशमन खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पंखे थांबल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भुवई उंचावली. मी म्हटलं, "रोजची अवस्था, सर." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी डायलिसिसच्या काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिले, हातात घड्याळ. काचेतून पहिली खाट दिसत होती, अगदी दारालगतची, आणि तिच्यावर राव सर. दंडाला पट्टीनं नळ्या चिकटवलेल्या, चिमटे लावलेले. निकराच्या वेळी लांबच्या खाटांपासून सुरुवात करायची, असा कामाक्षींचा नियम. म्हणजे ते शेवटचे.

अकराला ट्रे पेटले.

पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही. मग पलीकडच्या छताशी एक पांढरी गादी पसरू लागली. पन्नास सेकंदांना पहिला डिटेक्टर, लगेच दुसरा. भोंगा वाजला आणि दिवे गेले. दाराजवळचे छोटे हिरवे दिवे तेवढे उरले. आत कामाक्षींचा आवाज: "बारा, अकरा, दहा, सोडवा!" मी जनरेटरचे सेकंद मोजत होते. पाच. दहा. वीस. कुठंतरी लांब इंजिन धडधडलं. धूर तोवर गाड्यांची अख्खी जागा ओलांडून बोळाच्या छताला लागला होता. घाई नाही, गडबड नाही, घरी निघालेल्या माणसासारखा येत होता.

एक मिनिट चाळीस. पहिला पंखा. दोन मिनिटं. दुसरा. पडद्यावर मी नऊच्या नऊ पंखे एका ओळीत टाईप केले होते. इथं प्रत्येक पंखा जागा होईपर्यंत धूर आणखी पाच पावलं पुढं येत होता. मग छताला टांगलेल्या पंख्यांपैकी एक सुरू झाला, आणि इतका वेळ वर शिस्तीत बसलेला तो धूर एकदम ढवळून निघाला आणि भिंतीवरून खाली उतरला. माझ्या डोक्यापर्यंत, खांद्यापर्यंत.

दार दिसेना. मी हात लावून काच शोधली. दोन मिनिटं पन्नास.

आतून फक्त तीन खुर्च्या बाहेर पडल्या होत्या. चौथी येताना दार उघडलं, आणि धूर तिच्या अंगावरून आत शिरला. खोटाच धूर, श्वासाला अपाय नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी नाकावर हात धरला. आत कुणीतरी खोकलं. कुणीतरी "नळी दिसत नाही, अक्का!" असं ओरडलं. निरीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "थांबवायचं का?"

मी उत्तर द्यायच्या आधी पहिल्या खाटेवरून आवाज आला. चिरका, खोकल्यानं तुटलेला, तमिळमध्ये आणि मग मराठीत. "थांबवू नक्को! पुरं होऊ दे! सौम्या, घड्याळ थांबवू नक्को!"

मी थांबवलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब चार मिनिटं. हाताच्या अंतरावर तो माणूस आडवा पडला होता. नियम म्हणून उठत नव्हता. मला तो दिसत नव्हता आणि त्याला मी. कामाक्षींची माणसं चाचपडत चिमटे शोधत होती. सहा मिनिटांचं काम धुरात सहात होत नाही, हेही आम्ही कुठं लिहिलं नव्हतं. शेवटची खुर्ची बाहेर आली तेव्हा सात मिनिटं वीस झाली होती. खुर्चीत राव सर. चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी, गंधाची रेघ पसरलेली.

धूर ओसरल्यावर सगळे परत कक्षात जमलो. डॉक्टर रत्नप्रभा आता हसत नव्हत्या. निरीक्षकांनी वही उघडली आणि सरळ विचारलं, "रिपोर्टाप्रमाणे पंखे चालू हवे होते. बंद करायला कुणी सांगितलं?"

राममूर्तींनी जमिनीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"मी," राव सर म्हणाले. "रोज बंद असतात, तर चाचणीलाही बंदच पाहिजेत. रिपोर्ट चुकीचा अहे. आमची चूक, इस्पितळाची नाही." त्यांनी निरीक्षकांपुढचा रिपोर्ट ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवरून आडवी रेघ मारली. दंडावरची पट्टी अजून तशीच होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, मला त्या वेळी सुचलंही नाही.

"मग पंखे दिवसरात्र चालू ठेवू," डॉक्टर रत्नप्रभा म्हणाल्या. "तेवढ्यानं भागेल?"

"मेन कट झाला की तेही बंद. जनरेटर येईपर्यंत पुन्हा तेच," मी म्हटलं. "बोळात वेगळं दार हवं, कक्षाला दुसरी वाट हवी. तोवर नको, मॅडम."

त्यांनी एकदा बारा रिकाम्या खाटांकडे पाहिलं आणि कामाक्षींना सांगितलं, उद्याच्या बाराही जणांना फोन करा, जुन्याच ठिकाणी जायला सांगा. कामाक्षी यादी आणायला गेल्या. निरीक्षक, डॉक्टर आणि राममूर्तीही बोलत बोलत बाहेर पडले. कक्षात राव सर आणि मी, दोघंच उरलो.

माझा जीव भांड्यात पडला होता. नोकरी राहील न राहील, उद्या सहाला या खाटांवर कुणी नसणार. मी माफी मागायला त्यांच्याजवळ गेले. ते पहिल्या खाटेच्या कडेला बसून छताकडे बघत होते, धूर जिथून आत आला होता तिथं.

"सर, मी खोटं बोलले. राममूर्तींना."

"ते असू दे, मा." त्यांनी छतावरची नजर काढली नाही. "मला दुसरं सांग. हे असं, स्थिर उत्तरापासून आग लावून, आपण आजवर किती तळघरं केली?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढं एकच दार होतं. आता एकेक डोळ्यांपुढं येऊ लागलं: आवडी भागातलं, अड्यार भागातलं, दोन मॉल, एक वसतिगृह. सगळ्यांच्या फाइली माझ्याच संगणकात. सगळ्यांत पान एकोणतीसचं तेच वाक्य, मीच एकातून दुसऱ्यात उचललेलं.

"माझ्या वेळची सतरा," मी म्हटलं. "तुमची आधीची वेगळी."

"आणि ती सगळी वापरात अहेत." त्यांनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. आम्हीच तळघर केलेल्या एका लग्नाच्या हॉलचे व्यवस्थापक होते. फोनमधून नादस्वरम आणि ढोल इतक्या जोरात ऐकू येत होते की राव सरांना ओरडावं लागलं.

"मी शेषाद्री! हो, हो, नमस्कारम! आज मुहूर्त अहे का तुमच्याकडे? वरती किती माणसं अहेत?"

पलीकडचा आनंदात होता. मलाही स्पष्ट ऐकू आलं. नऊशे, सर, पंगत बसलीय, तळघरात गाडी ठेवायला जागा नाही.

"तळघरातले पंखे चालू अहेत का?"

पलीकडचा हसला. पंखे कशाला, सर? कुठं आग लागलीय?

"जनरेटर लावा," राव सर म्हणाले. ते उभे राहिले होते. "आधी जनरेटर, मग पंखे, म्हणजे मेन कट झाला तरी ते थांबणार नाहीत. सगळे. आत्ता. शेवटचं माणूस घरी जाईपर्यंत एकही बंद करायचा नाही. मी येतोय."

त्यांनी फोन ठेवला, दंडावरची पट्टी ओढून काढली आणि मला म्हणाले, "पुढचा नंबर वाच."